सुटी होणारी गाडी

रिमोटवरचं छोटं चाक तुम्ही बोटाने किंचित फिरवता. पन्नास मीटरवर धावणाऱ्या दोन वितींच्या गाडीची पुढची चाकं तेवढीच किंचित वळतात आणि बोट थांबलं की तिथेच थांबतात. या दोन हालचालींच्या मध्ये जे घडतं ते अद्भुत आहे. गाडीतला रिसीव्हर चाकं वळवणाऱ्या सर्व्होला सेकंदाला साधारण ५० वेळा विजेचा एक छोटा ठोका पाठवत राहतो. ठोक्याचा जोर कधी बदलत नाही, बदलतो तो त्याचा अवधी. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर चाकं सरळ. एक मिलिसेकंद टिकला तर एका बाजूला पूर्ण वळलेली, दोन टिकला तर दुसऱ्या बाजूला. मधली सगळी वळणं, अगदी शेवटच्या क्षणी सावरलेलीसुद्धा, सेकंदाच्या एका हजारांश भागात बसवलेली असतात.

सर्व्हो म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा लहान-मोठी काळी डबी. चार स्क्रू काढले की आत एक इवलीशी मोटर, एकमेकांत अडकलेली चार-पाच दातेरी चक्रं आणि शेवटच्या चक्राच्या दांड्याला जोडलेला पोटेन्शिओमीटर दिसतो. जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे असायचा तोच हा भाग. दांडा किती फिरला आहे हे तो सांगतो. सर्किट ठोक्याचा अवधी आणि दांड्याची जागा ताडून पाहतं, फरक असला तर मोटर चालवतं, फरक मिटला की थांबवतं. गाडी चालू ठेवून पुढचं चाक हाताने ढकलून बघा. ते तुमच्या बोटाला उलटा जोर लावतं आणि सोडताच जागेवर येतं. आपण कुठे आहोत आणि कुठे असायला हवं, याचा हिशेब ही डबी सेकंदाला ५० वेळा करते, आणि ती काही शे रुपयांत मिळते!

खेळण्याच्या दुकानातल्या स्वस्त गाडीत सहसा हे नसतं. तिची चाकं पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे किंवा सरळ, एवढंच जाणतात. वेगही तसाच, असतो किंवा नसतो. सगळी जोडणी एकाच सर्किटवर, गिअरपेटी बंद, आणि एक दात तुटला की गाडी माळ्यावर. हॉबी-ग्रेड म्हणतात त्या गाडीत मोटर वेगळी, मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी ईएससी वेगळी, सर्व्हो, रिसीव्हर आणि बॅटरीही वेगळ्या. सगळं स्क्रूने आवळलेलं, प्लगने जोडलेलं. सोबतच्या पुस्तिकेत अख्खी गाडी भागाभागांत उकललेली दाखवतात, प्रत्येक वॉशर आणि दांडा आपापल्या नंबरासह. ते एक चित्र तासभर बघत बसावं असं असतं.

म्हणून बेताच्या पैशांत पहिली गाडी घेणाऱ्याला मी एवढंच सांगेन, की ही गाडी पूर्ण सुटी होते का आणि तिचा प्रत्येक सुटा भाग पुढच्या वर्षीही मिळेल का, हे आधी बघा. वेग, रंग, दिवे सगळं त्यानंतर.

हे बघायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक चाकाला चासीशी जोडणारा बोटाएवढा प्लास्टिकचा दांडा असतो, त्याला सस्पेन्शन आर्म म्हणतात. कठड्याला आपटल्यावर बहुतेक वेळा आधी तोच जातो. गाडी विकत घेण्यापूर्वी पुस्तिकेतून त्याचा नंबर काढा आणि तो नंबर देऊन दुकानदाराकडे भाग मागा. किंमत आणि किती दिवसांत मिळेल ते नेमकं सांगता आलं, तर गाडीचा पुढचा विचार करावा. उत्तर गोलमाल आलं तर कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. आपल्याकडे हा प्रश्न जास्तच बोचतो. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७० टक्के. छंदाच्या बहुतेक गाड्या चीन, तैवान किंवा जपानमधून येतात, त्यामुळे गाडी महाग पडतेच, शिवाय शंभर रुपयांचा दांडा एकट्याने परदेशातून मागवणं परवडत नाही. तो इथल्या कुणा दुकानदाराने आणून ठेवलेला असावा लागतो.

समजा तुमच्या हातात बारा हजार आहेत. गाडीवर आठापेक्षा जास्त घालू नका. उरलेल्यात दुसरी बॅटरी, बरा चार्जर, आर्मच्या दोन जोड्या आणि चांगल्या पोलादाचे एलन की एवढं बसवायचं आहे. स्वस्त पान्याने स्क्रूचं डोकं गोल झालं की सुटी होणारी गाडीही सुटी होत नाही, त्यामुळे पान्यांत काटकसर करू नये.

आता दणकटपणाकडे येऊ, कारण इथे एक फार सुंदर गणित दडलेलं आहे. १:१० मापाची गाडी खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची असते. लांबी, रुंदी आणि उंची दहापट कमी झाली की आकारमान हजारपट घटतं आणि वजनही साधारण त्याच प्रमाणात. पण दांड्याची ताकद त्याच्या कापाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि क्षेत्रफळ घटतं शंभरपट. म्हणजे माल तोच धरला तर लहान गाडीचा सांगाडा तिच्या वजनाच्या मानाने दहापट मजबूत. खरी गाडी स्वतःच्या उंचीएवढ्या उडीवरून खाली आली तर गॅरेजात जाईल, आणि ही स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट वरून पडून, एकदा उसळून, पुढे निघते. जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये प्राण्यांच्या आकारमानावर निबंध लिहिला होता. उंदीर हजार यार्ड खोल खाणीत पडला तरी तळ बऱ्यापैकी मऊ असेल तर थोडासा हादरून चालू लागतो, असं त्यात आहे. (हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) उंदराला हवेचा विरोध वाचवतो आणि गाडीला तिच्या दांड्यांची जाडी, पण वजन घनाच्या प्रमाणात घटतं आणि क्षेत्रफळ वर्गाच्या, हे मूळ दोन्हीकडे एकच.

हे गणित आपल्या बाजूने असतं तोवर मजा आहे. वेग वाढवला की दुसरं गणित पुढे येतं. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी २० किलोमीटरने जाणारी गाडी कठड्याला आपटली तर जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, त्याच्या नऊपट ताशी ६० ला. त्यात माणसाची प्रतिक्रिया आली. काही दिसल्यावर बोट हलायला पाव सेकंद लागतो असं धरलं, तर ताशी ६० च्या वेगात गाडी तेवढ्यात चार मीटरहून पुढे गेलेली असते. खोक्यावर ६० किंवा ७० चा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, कारण विकला तोच जातो. नव्या हाताला मात्र वीस-पंचवीस भरपूर होतात. जमिनीलगत, वीतभर उंचीच्या गाडीत तो वेग भन्नाट वाटतो.

म्हणूनच पहिल्या गाडीला साधी ब्रशवाली मोटर असली तर कमीपणा मानू नये. तिच्यात मिक्सरच्या मोटरीत असतात तसे दोन कार्बन असतात, ते फिरत्या कम्युटेटरला घासत वीज देतात आणि हळूहळू झिजतात. मोटर स्वस्त, तिची ईएससी स्वस्त, आणि कमी वेगात ती मऊ चालते. ब्रशलेस मोटरीत घासणारं काही नाही, तीन तारांतून ईएससी चुंबकीय क्षेत्र फिरवते आणि चुंबक त्यामागे धावतो. तिच्यावर केव्ही म्हणून आकडा लिहिलेला असतो, तो एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे ते सांगतो. ३००० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर, बोजा नसताना, २२,२०० फेरे घेते. मिनिटाला बावीस हजार! ती कधीतरी घ्याच, पण गाडी सुटी असल्याने नंतरही बसवता येईल.

प्लास्टिकचे आर्म बघून अनेकांना ॲल्युमिनियमचे बसवायचा मोह होतो, चकाकतातही सुंदर. पहिल्या वर्षी हा खर्च टाळावा. प्लास्टिकचा आर्म घरातल्या फ्यूजसारखा असतो, आधी तो जातो म्हणून बाकीचं वाचतं. तो धातूचा केला की धक्का पुढे सरकतो आणि गिअरपेटीचं घर किंवा शॉकअपचा आधार तुटतो, जे महाग असतं आणि बदलायला अर्धी गाडी उघडावी लागते. सर्व्होच्या डोक्यावरही अशीच एक स्प्रिंगची जागा असते, तिला सर्व्हो-सेव्हर म्हणतात. चाक दगडावर आदळलं की ती स्प्रिंग क्षणभर ढील देते आणि आतल्या बारीक दातांपर्यंत धक्का पोचत नाही.

गाडी कुठली घ्यायची हे बऱ्याच अंशी तुमच्या दारासमोरची जमीन ठरवते. १:२४ ची गाडी पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवरही अडखळते, ती घरात आणि कुंड्यांमध्ये रमते. मातीत पळवायच्या १:१० च्या बग्गीला मुरमाचं मैदान लागतं, आणि तिची बॅटरी, टायर, सगळंच महाग. मधलं १:१४ ते १:१६ हे माप खिशाला आणि सोसायटीच्या आवाराला बरं पडतं. या मापात डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ ही चारही चाकं ओढणारी बग्गी बऱ्याच जणांची पहिली गाडी ठरली आहे. धातूची चासी, ५५० मापाची ब्रशवाली मोटर, ७.४ व्होल्टची बॅटरी, आणि इतकी खपली की तिचे भाग सहज मिळतात. तिच्यावर ६०चा आकडा आहे, पण रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर अर्धाच दाबायची सवय लावून घेता येते.

मैदान नसेल तर क्रॉलर घ्यावी, आणि माझं मन खरं म्हणजे तिकडेच झुकतं. क्रॉलर माणसाच्या चालीने जाते, पुस्तकांच्या ढिगावर आणि टेकडीवरच्या काळ्या दगडांवर चढते, एकेक चाक टेकवत, मधेच थबकत. वेग नसल्यामुळे मोडतोड अगदी कमी आणि एका बॅटरीवर बराच वेळ चालते. ॲक्सिअलची एससीएक्स२४ ही १:२४ मध्ये आणि डब्ल्यूपीएलची सी२४ ही १:१६ मध्ये, या दोन्हींचे सुटे भाग आणि सुधारणेचे भाग मुबलक बनतात.

क्रॉलर आणि बग्गी यांच्यातला खरा फरक डिफरन्शियलचा, आणि तो हातात धरून पाहता येतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांब वाट कापावी लागते. दोन्ही एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक घसटत जातं. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी यावर डिफरन्शियल गिअरचं पेटंट घेतलं, आणि आजही तीच चार-पाच शंकूच्या आकाराची दातेरी चक्रं तुमच्या गाडीच्या पोटात असतात. मागची चाकं उचला, मोटरच्या बाजूचं मोठं चक्र बोटाने दाबून धरा आणि एक चाक पुढे फिरवा. दुसरं आपोआप उलटं फिरतं. कितीही वेळा केलं तरी पुन्हा करावंसं वाटतं. दुकानात हीच तपासणीही होते. फिरताना हाताला खरखर लागली तर आत माती गेली आहे किंवा दात गेले आहेत. क्रॉलरमध्ये मात्र सहसा डिफरन्शियल मुद्दाम जखडलेलं असतं. नाहीतर एक चाक हवेत उचललं गेलं की तेच गरगरेल आणि दगडावरचं चाक स्वस्थ बसेल.

दुसऱ्याची वापरलेली गाडी घेत असाल तर ही तपासणी हवीच. शिवाय प्रत्येक चाक धरून हलवा, किती ढिलं आहे ते कळतं. बॅटरी फुगलेली असेल तर ती किमतीत धरू नका. आणि सर्व्होच्या तारा मोजा. तीन असतील तर तो सर्वसाधारण मापाचा, उद्या कुठल्याही कंपनीचा लावता येईल. पाच असतील तर त्याचं डोकं गाडीच्या मुख्य सर्किटवर ठेवलेलं आहे. दोन तारा मोटरच्या, तीन पोटेन्शिओमीटरच्या. असा सर्व्हो त्याच कंपनीचा लागतो. अशी गाडी फार स्वस्त मिळाली तरच घ्यावी.

कंपन्यांचा विषय निघाला की जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. १९७० च्या दशकात त्यांनी पोर्शची प्रतिकृती बनवायला घेतली तेव्हा मापं अचूक मिळावीत म्हणून खरी पोर्श ९११ विकत आणून ती सुटी केली. १९७६ साली त्यांची पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी आली, १:१२ ची पोर्श ९३४. १९८४ साली नवशिक्यांसाठी ग्रासहॉपर ही साधी, स्वस्त बग्गी आली, आणि २००५ साली त्यांनी तीच पुन्हा बाजारात आणली. तामियाची गाडी किट म्हणून येते, पिशव्यांवर ए, बी, सी लिहिलेलं, आणि पुस्तिकेत स्क्रूची चित्रं खऱ्या मापाची, म्हणजे स्क्रू कागदावर ठेवून ताडून घ्यायचा. आपल्या हाताने जोडलेली गाडी मोडली तर घाबरायला होत नाही. मात्र किटच्या किमतीत सहसा रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर धरलेले नसतात. ते सगळं जोडून बेरीज करा आणि मग ठरवा.

बॅटरीबाबत थोडं सावध राहावं लागतं. लिथियम-पॉलिमर म्हणजे लिपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७. तीन व्होल्टच्या खाली गेला की तो कायमचा बिघडू शकतो. ईएससीला लिपोसाठी लो-व्होल्टेज कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की वीज तोडण्याची सोय, आहे ना, हे विचारून घ्या, आणि गाडी मलूल झाली की थांबवा. १५०० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) बॅटरी दीड अँपिअरने तासाभरात भरते, आणि मोटर सरासरी साडेसात अँपिअर खेचत असेल तर १२ मिनिटांत संपते. दुसरी बॅटरी आधी घ्यायला सांगितली ती याचसाठी. चार्जिंग लादीवर करा, गादीवर नको, आणि तेवढा वेळ तिथेच थांबा. आठवडाभर गाडी काढायची नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. घरात लहान मुलं असतील तर निकेल-मेटल हायड्राइडची ७.२ व्होल्टची बॅटरी जड आणि जरा मंद असली तरी जास्त निर्धास्त. पावसाळ्यात ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर विसंबू नका. तो सर्किटांपुरता असतो, चिखलातून आणलेली बेअरिंगं पुसून तेल लावली नाहीत तर गंजतात.

रेडिओची काळजी आता जवळपास उरलेली नाही. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छोटी बोट दुरून चालवून दाखवली, तिथून हे सुरू झालं. पुढे कित्येक वर्षं २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये ठरावीक कंपनसंख्येचा क्रिस्टल असे, आणि एकाच क्रिस्टलच्या दोन गाड्या एका मैदानात आल्या की गोंधळ उडे. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि त्यातले बरेच सतत एका कंपनसंख्येवरून दुसरीवर उड्या मारत बोलतात. उड्यांचा क्रम फक्त त्या रिमोटला आणि त्याच्याशी जुळवलेल्या रिसीव्हरला माहीत. या तऱ्हेच्या युक्तीचं एक पेटंट १९४२ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळालं होतं. पाणतीराचा रेडिओ शत्रूला जाम करता येऊ नये म्हणून, आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रांच्या कागदी गुंडाळीवर त्यांनी तो क्रम बसवला होता, ८८ कंपनसंख्यांचा, पियानोच्या पट्ट्यांएवढ्याच. आज दहा पोरं एका आवारात दहा गाड्या पळवतात आणि कुणाची गाडी कुणाच्या बोटाला भुलत नाही.

तरीही संपर्क तुटू शकतो, कधी अंतरामुळे, कधी रिमोटचे सेल संपल्याने. म्हणून गाडी घरी आल्यावर आधी रिमोट चालू करा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. पहिल्याच दिवशी मात्र हा क्रम एकदा मुद्दाम मोडा. गाडी पुस्तकांच्या थप्पीवर अशी ठेवा की चारही चाकं अधांतरी राहतील, ट्रिगर हलकासा दाबून चाकं फिरती ठेवा आणि रिमोट बंद करा. चाकं लगेच थांबायला हवीत. नाही थांबली, तर पुस्तिकेत फेल-सेफचं, म्हणजे संपर्क तुटताच गाडी थांबवणाऱ्या सोयीचं, पान काढून ते आधी लावून घ्या आणि मग गाडी जमिनीवर ठेवा.